करडईच्या भाजीवरचा शेरा

कासाबाईला तोंडावर कुणी शिवी दिली तर ती दोन परत देते आणि दिवे लागायच्या आत विसरून जाते. सकाळी नळावर जिच्याशी भांडली तिच्याच ओट्यावर संध्याकाळी बसून मिसरी मागायला तिला काही वाटत नाही. पण कुणीतरी आपल्याबद्दल वाईट लिहून ठेवलं आहे, ते कपाटात कुलपात आहे, आणि आपल्याला ते वाचतासुद्धा येत नाही, हा प्रकार तिच्या पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडला. तो तिला पचला नाही. पचायला नकोच होता.

राणीसावरगावच्या पुढे माळ चढून गेलं की तिची वाडी लागते. सातवीपर्यंतची शाळा, एकसष्ट लेकरं आणि मागच्या अंगाला पत्र्याची स्वयंपाकखोली. त्या खोलीत कासाबाई तेरा वर्षं रांधते आहे. आधी तीन दगडांच्या चुलीवर धुराने डोळे चोळत, आता गॅसवर. जोडीला चंदा असते, भावकीतलीच, तिच्याहून वीस वर्षांनी लहान. चंदा तांदूळ निवडते, भांडी घासते, पण मीठ किती घालायचं ते अजून कासाबाईला विचारते. लेकरं तिला कासामाय म्हणतात. वाढताना कोणाच्या ताटातला भात तसाच राहिला हे तिला बरोबर दिसतं, आणि तो का राहिला हे विचारल्याशिवाय ती त्या लेकराला उठू देत नाही.

तिचं लहानपण मेंढरांच्या मागे गेलं. बाप वर्षातले सहा महिने कळप घेऊन गोदावरीच्या काठाने हिंडायचा आणि मागोमाग सगळं बिऱ्हाड. शाळेचं तोंड पाहायला एका गावात महिनाभर तरी थांबावं लागतं, तेवढं ते कधी थांबले नाहीत. त्यामुळे तिला अक्षर कळलं नाही, पण पाला कळला. कुठल्या झाडाचा पाला शेळीला चालतो, कुठल्याने पोट फुगतं, पाऊस पडल्यावर आठ दिवस कुठलं गवत मेंढराला लावायचं नाही, हे तिला दहाव्या वर्षी पाठ होतं. नवराही तसाच मिळाला. उमाजीच्या बावीस शेळ्या आहेत आणि तो माणसांपेक्षा शेळ्यांशी जास्त बोलतो. तिची त्याबद्दल तक्रार नाही. माणसांशी बोलायचं काम तिने स्वतःकडे घेतलं आहे आणि ती ते दोघांच्या वाटणीचं करते.

शाळेच्या जेवणात भाजी म्हणून बहुतेक दिवस काय पडतं ते सांगायला नको. आठवडी बाजारातला बटाटा, नाहीतर वरची चार पानं काढून टाकावी लागतात असली पत्ताकोबी. पण ज्वारीच्या ओळींमधून पेरलेली करडई वीतभर होते आणि रानोरान विरळणी सुरू होते, तेव्हा कासाबाईला चेव येतो. विरळणीत दाट उगवलेली रोपं उपटून काढावीच लागतात. ज्याच्या रानात काम चालू असेल तिथं ही सकाळी टोपलं घेऊन हजर. कोणी नाही म्हणत नाही, कारण त्यांचंच लेकरू शाळेत ती भाजी खाणार असतं. कोवळी करडई ती दोनदा धुते, उकडते, आणि तिचा उग्र वास जावा म्हणून मुठीने घट्ट पिळून घेते. ही तिच्या सासूची पद्धत. मग डाळ, लसूण, मिरची आणि वरून चरचरीत फोडणी. पिळलेलं हिरवं पाणीसुद्धा ती वाया घालवत नाही. बादलीत भरून घरी नेते आणि नुकत्या व्यालेल्या शेळ्यांपुढे ठेवते. दोन महिने ही डाळभाजी चालते आणि त्या दोन महिन्यांत ताटं चाटूनपुसून परत येतात.

यंदाच्या दिवाळीनंतर शाळेत रक्ततपासणी झाली आणि आठ मुलींचं रक्त कमी भरलं. पुढच्याच आठवड्यात तालुक्याहून आहार तपासायला खटिंग साहेब आले. चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं फार वाईट नव्हे, पण घाईत. त्यांना त्या दिवशी आणखी चार शाळा करायच्या होत्या. त्यांनी गाडीतून गुंडाळी केलेला एक फलक काढला आणि व्हरांड्यातल्या खिळ्यांना टांगायला लावला. फलकाच्या एका बाजूला शेवग्याची डहाळी, दुसऱ्या बाजूला करडईचं रोप. खाली रंगीत पट्ट्या. लोह, कॅल्शियम, प्रथिनं. शेवग्याच्या पट्ट्या फलकाच्या पार वर पोचलेल्या आणि करडईच्या पट्ट्या बोटाच्या पेराएवढ्या, आहेत की नाहीत अशा.

मग साहेबांनी भगुन्याचं झाकण उचललं.

"हे काय?"

"करडई हाय साहेब. डाळ घालून केली."

"बाजारातून आणली?"

"न्हाई, रानातली. इरळणीची."

"म्हणजे उपटून टाकायचं ते तुम्ही मुलांना घालता." साहेब मुलांकडे वळले. त्यांना वाटलं असावं, जरा गंमत केली तर मुलांच्या लक्षात राहील. फलकाकडे बोट करून ते म्हणाले, "बघा रे, हा शेवगा आणि ही तुमची करडई. गवत खाऊन रक्त वाढतं का कोणाचं?"

पोरं हसली. पोरं हसणारच, साहेब हसले की हसायचं असतं हे त्यांना शिकवावं लागत नाही. कासाबाई पळी हातात धरून उभी होती. साहेबांनी उभ्याउभ्याच शेरेबुकात काहीतरी लिहिलं, सही ठोकली आणि पुढच्या शाळेला गेले.

मुख्याध्यापक शिवकन्या म्याडमनी ते पुस्तक गुपचूप कपाटात ठेवलं असतं. त्या गंगाखेडहून रोज ये-जा करतात, स्वभावाने भल्या आहेत, पण वादाला भितात. कासाबाईने त्यांना दारातच गाठलं.

"काय लिवलं ते वाचून दावा."

"जाऊ द्या मावशी. नेहमीचंच असतं."

"नेमीचं आसंल तर वाचायला काय हुतंय?"

म्याडमनी वाचलं. "सदर शाळेत विद्यार्थ्यांच्या आहारात गवतवर्गीय निकृष्ट पालेभाजी वापरली जाते. विद्यार्थिनींमधील रक्ताच्या कमतरतेस ही बाब कारणीभूत असावी. सदर भाजी तात्काळ बंद करून शेवगा पावडरचा वापर करावा. स्वयंपाकी महिलेस समज द्यावी. पुढील भेटीत सुधारणा न दिसल्यास बदल करण्यात यावा."

"ह्यातलं बदल म्हंजी काय?"

म्याडमनी पुस्तक मिटलं. आपल्या जागी दुसरी बाई येणार, हे कासाबाईला कळलं.

तिला सांगावंसं वाटलं, साहेब, गवत मेंढरं खातात आणि शेळी पाला खाते, हे आमच्या वाडीतल्या चार वर्षांच्या पोराला ठाऊक असतं. जन्म गवत ओळखण्यात गेला त्या बाईला तुम्ही गवत शिकवायला आलात. पण साहेबांची गाडी तोवर माळ उतरून गेली होती. त्या रागापेक्षाही वाईट होतं ते दुसरं वाक्य. त्या आठ मुली. त्यांचं रक्त हिच्या हाताने कमी झालं असं त्या पुस्तकात लिहिलं होतं, सहीनिशी. तेरा वर्षांत एका लेकराला तिच्या हातचं खाऊन साधी उलटी झाली नव्हती, आणि एक माणूस अर्ध्या तासात येऊन असं लिहून जातो आणि जेवायलाही थांबत नाही. असल्या लिहिण्याला चाप लावणारं कोणी नसतं, हीच तर खरी चीड आणणारी गोष्ट आहे.

म्याडम म्हणाल्या, "पंधरा दिवसांनी येणार आहेत ते. तोवर आपण करडई बंद ठेवू. वाद कशाला?"

"म्हंजी मी कबूल झाले."

"तसं नाही मावशी."

"तसंच हाय." कासाबाई पळी आपटून आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम करडईच केली. पंगत बसली. रेणुका सहावीत आहे, त्या आठ मुलींमधली एक, आणि करडईच्या दिवसांत ही पोर दोनदा मागून घेते. त्या दिवशी तिने भात खाल्ला आणि भाजी ताटाच्या कडेला सारून ठेवली. तिच्या शेजारणीनेही. त्या ओळीत नऊ ताटांत भाजी तशीच.

"काय गं रेणुके, खारट झाली?"

"न्हाई."

"मग?"

"साहेब म्हनले ना, गवत हाय म्हनून."

पोर लबाड नव्हती. मोठ्या माणसाने सांगितलं ते तिने ऐकलं, इतकंच. कासाबाईने ते नऊ ताटांतलं उरलेलं एका पातेल्यात गोळा केलं आणि घरी जाताना रस्ताभर साहेबांना, साहेबांच्या गाडीला आणि फलक छापणाऱ्याला मोठमोठ्याने शिव्या दिल्या. वाटेत भेटलेल्या दोघांना वाटलं उमाजीचं काहीतरी चुकलं. भाजीसकट पातेलं दारात ठेवून ती बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. चूल पेटवायचं मन होईना, असं तिला नवरा वारल्याशिवाय होणार नाही अशी तिची समजूत होती, ती त्या दिवशी खोटी ठरली.

उमाजीने शेळ्या कोंडल्या, बायकोचा चेहरा पाहिला आणि स्वतःच चुलीपाशी गेला. फळीवरच्या मडक्यात मागच्या हिवाळ्यात वाळवलेली हरभऱ्याची भाजी होती. शेंडे खुडायचे, सावलीत वाळवायचे, मडक्यात दाबून ठेवायचे, की वर्षभर भाजीची चिंता नाही. त्याने चांगल्या तीन मुठी काढून पातेल्यात टाकल्या.

"आवं, तेवढी कुटं घालायलाव?" कासाबाई ओरडली. "एक मूठ बास हाय दोघायला. एक मूठ म्हंजी टोपलंभर पाला हाय तो. पानी आटून आटून तेवढा झालाय."

बोलली आणि तिचं तिलाच काहीतरी लागलं. ती उठून उभी राहिली. उमाजीला वाटलं आता आपल्या वाट्याला येणार. पण ती त्याच्याकडे बघतही नव्हती.

सकाळी शाळा उघडायच्या आधी ती फलकासमोर उभी होती. रेणुका आली तशी तिने तिला धरून उभं केलं.

"ह्ये शेवग्याखाली काय लिवलंय? एकेक अक्षर वाच."

"शेवगा पावडर. शंभर ग्रॅम."

"आन करडईखाली?"

"करडई, ताजी पानं. शंभर ग्रॅम."

"ताजी? नीट वाच. ताजीच हाय ना? वल्ली?"

"ताजी हाय, कासामाय."

मग जो आवाज झाला तो म्याडमनी फाटकातून ऐकला. त्या धावत आल्या तर कासाबाई फलकासमोर कमरेवर हात ठेवून साऱ्या व्हरांड्याला सांगत होती. "वाळलेलं वल्ल्यासंगं तोललंय मेल्यानी! एकीकडं वाळवून, कुटून, चाळून घेतलेलं, आन दुसरीकडं दवानं भिजलेलं. म्याडम, तुमी शिकलेल्या हाव, तुमीच सांगा. वाळलेला गडी आन पान्यात बुडवलेला गडी तराजूत घातले, तर खरं वजन कुनाचं धरायचं?"

म्याडमनी फलक पुन्हा वाचला. चष्मा पुसून आणखी एकदा वाचला. दोन दिवस तो फलक त्यांच्या डोक्यावर टांगलेला होता आणि त्यांना ते दिसलं नव्हतं. त्या जरा लाजल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्या दिवसापासून त्यांनी वाद कशाला हे शब्द तोंडातून काढले नाहीत.

कासाबाईचं नुसतं बोलून भागणार नव्हतं, तिला दाखवायचं होतं. किराणा दुकानातला काटा आणला. एक किलो करडई निवडून, देठ काढून मोजली. वाडीत शेवग्याची दोनच झाडं आहेत, त्यांतल्या एकाचा पाला ओरबाडून एक किलो तोही मोजला. तिच्या जुन्या लुगड्याचे दोन तुकडे करून व्हरांड्याच्या सावलीत दोन्ही पसरले. सातवीच्या पोरांना राखणीला बसवलं, कारण शेळ्या काय फलक वाचत नाहीत. आठवडाभर लेकरं येता-जाता हात लावून बघत होती. पाला चुरचुरायला लागला तेव्हा सगळ्यांसमोर पुन्हा वजन झालं आणि म्याडमनी आकडे फळ्यावर लिहिले. किलोभर करडईचे एकशे वीस ग्रॅम उरले. किलोभर शेवग्याचे दोनशे तीस.

कासाबाई फळ्याकडे बघत राहिली. "म्हंजी शेवग्यात मूळचंच पानी कमी हाय."

"हो."

"त्यात माल जास्त हाय मंग."

म्याडमनी परभणीला राहणाऱ्या आपल्या मैत्रिणीकडून अन्नघटकांच्या तक्त्याचे फोटो मागवले होते. ओला पाला ओल्या पाल्याशी लावून त्यांनी वाचलं. शेवगा पुढे होता, काही बाबतींत बराच, काही बाबतींत थोडासा. पण करडई काही फलकावरच्यासारखी तळाला चिकटलेली नव्हती. चांगली पोटभर भाजी होती. लोह होतं, कॅल्शियम होतं, आणि लेकराच्या ताटात ती पळीभर पडत होती. पावडर चमचाभरच पडणार.

"शेवगा सरस हाय, मी कवा न्हाई म्हनले?" कासाबाई म्हणाली. "आसंल त्यानं रोज घालावा. आमच्याकडं दोन झाडं हायेत, ती साठ लेकरायला चार दिसांत बोडकी होतील. पन सरस हाय म्हनून दुसरीला गवत म्हनायचं? हिला गवत म्हननाऱ्यानं हिची एक काडी तरी खाल्ली का?"

पंधराव्या दिवशी साहेब आले. कासाबाईने सकाळी डोक्यावरून न्हाऊन स्वच्छ लुगडं नेसलं होतं. डाळभाजी उकळत होती. साहेबांनी तिचा वास घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"म्याडम, शेरा वाचला नाही का तुम्ही?"

"वाचला साहेब," शिवकन्या म्याडम म्हणाल्या, आणि त्या मागे सरल्या नाहीत. "मावशींना तुम्हाला काही दाखवायचंय."

लुगड्याच्या तुकड्यांवर दोन छोटे ढीग. शेजारी दोन टोपल्यांत तेवढ्याच पाल्याचे ताजे ढीग, त्या दिवशी सकाळी आणलेले. काटा. फळ्यावर आकडे. कासाबाईने काही भाषण केलं नाही. एका हातात ताज्या करडईची जुडी घेतली, दुसऱ्या हातात मूठभर वाळलेला शेवगा, आणि साहेबांपुढे धरले. "ह्याच्यासंगं ह्ये तोललंय तुमच्या फलकावर. तुमीच वाचा."

साहेबांनी फलक वाचला. हुशार माणूस, दोन मिनिटांत त्यांच्या ध्यानात आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हा फलक आम्ही छापलेला नाही, बाई. पावडरवाल्यांनी दिलाय. वरून आलाय."

"फलक वरून आला आसंल. पन शेरा तुमच्या हातचा हाय."

मागे सातवीची पोरं उभी होती. साहेबांना ते नको होतं. माणूस अडचणीत सापडला की पलटून काहीतरी धरायला बघतो, तसं त्यांनी भगुन्याकडे बोट केलं. "ठीक आहे, फलक बाजूला ठेवू. पण आठ मुलींचं रक्त कमी आहे हे तर खरं ना? तुम्ही ही भाजी करता कशी, सांगा मला. पहिल्यापासून."

कासाबाईने ताठ मानेने सांगितलं. दोनदा धुते. उकडते. पिळते. डाळ शिजवून...

"थांबा. पिळता? आणि ते पाणी?"

"शेळ्यायला नेते."

"सगळं?"

"व्हय. व्यालेल्या शेळीला लय चांगलं असतंय. दूध सुटतंय, आंगात ताकद येतीय तिच्या, म्हनून..."

वाक्य तिथंच तुटलं. साहेबांना काही बोलावंच लागलं नाही. तरी ते बोलले, जरा हळूच, "जीवनसत्त्वं पाण्यात उतरतात, मावशी. क्षारसुद्धा. रक्ताला लागणारं पुष्कळसं त्या पाण्यात जातं."

पण कासाबाई त्यांचं ऐकत नव्हती. तिला शेळ्या दिसत होत्या. तेरा हिवाळे. त्या पाण्यात ताकद असते हे तिला आजच कळलं होतं असं नाही. ते तिला माहीत होतं, म्हणून तर ती बादली डोक्यावरून नेत होती. माहीत असून तिने कधी एकदाही थांबून विचार केला नाही की ती ताकद येते कुठून. चांगलं ते शेळीला गेलं आणि पिळलेला चोथा रेणुकाच्या ताटात. वास येऊ नये म्हणून. सासू तसं करायची म्हणून. तिला स्वतःचा असा राग आला की साहेबांवरचा पंधरा दिवसांचा राग त्यापुढे काहीच नाही.

साहेबांच्या चेहऱ्यावर सुटल्याचं हसू आलं. "चला, म्हणजे दोन्हीकडून थोडं थोडं झालं. विषय संपवू आपण." त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"संपवू नका," कासाबाई म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "चंदे, लेकरायला वाढ. आज पिळलेलं पानी भगुन्यातच वत, शेळ्यायला नेऊ नको. म्याडम, त्ये पुस्तक आना."

म्याडमनी शेरेबुक आणलं.

"लिवा. मी कासाबाई उमाजी, शाळेत रांधते. करडई पिळून तिचं पानी मी लेकरायला न देता शेळ्यायला दिलं. तेरा वर्सं दिलं. चूक माजी हाय. आजपासून देनार न्हाई."

"मावशी, एवढं लिहायची गरज नाही," म्याडम म्हणाल्या. "ते पुढंमागं तुमच्याच अंगलट येईल. आधीच कामाचं..."

"काम गेलं तर खऱ्यासाटी जाईल. लिवा."

म्याडमनी लिहिलं. कासाबाईने ते त्यांच्याकडून वाचवून घेतलं, एक शब्द राहिला होता, तेरा वर्षांचा, तो घालायला लावला. मग अंगठा शाईत बुडवून त्याखाली उमटवला आणि लुगड्याला पुसला. पुस्तक उलटं फिरवून साहेबांपुढे ठेवलं.

"आता तुमची."

साहेबांनी पुस्तकाकडे पाहिलं. व्हरांड्यात लेकरं ताटं घेऊन बसली होती आणि चंदा वाढत होती, पण निम्मी पोरं ताटाकडे न बघता इकडेच बघत होती. त्यात रेणुका होती.

"असं एकदम दुरुस्त करता येत नाही, मावशी," साहेब म्हणाले. "नोंद झालेली असते. वर विचारावं लागेल."

"माजी चूक लिवायला मी वर कुनाला इचारलं का, साहेब?"

साहेबांनी खिशाला हात लावला, काढला, पुन्हा लावला. मग त्यांनी पेन बाहेर घेतलं आणि अंगठ्याच्या खाली लिहायला सुरुवात केली.

"काय लिवायलाव ते मोठ्यानं वाचा," ती म्हणाली.

"मागील शेरा नजरचुकीने..."

"नजरचूक न्हाई. वाळलेला पाला वल्ल्या पाल्यासंगं तोलला आन एका भाजीला गवत म्हनलं, आसं लिवा. आन मंग खाली सही करा."

पोरांनी खाणं पार थांबवलं होतं. साहेबांनी पहिली ओळ खोडली आणि तिने सांगितलं तसं शब्दाला शब्द लिहिलं.